सौदामिनी सोसायटीचा उद्वेगांक

त्या वर्षी सांगलीतले लोक सकाळी उठल्यावर आधी आपल्या इमारतीचा उद्वेगांक बघत आणि मग दात घासत. साथीचा तिसरा फेरा चालू होता आणि घरबंदीला दोनशे सतरा दिवस झाले होते. ताप हवेतून पसरणारा आणि भलताच चिवट. म्हणून प्रत्येक घराच्या दाराला बाहेरून विजेवर चालणारं कुलूप बसवलेलं होतं. ते दिवसातून एकदाच, शिधा आत घेण्यापुरतं उघडे. शिधाही निळ्या प्रकाशाच्या पेटीतून जंतुरहित होऊन येई. ताप आटोक्यात होता, पण माणसं आतून कुरतडली जात होती.

उद्वेगांकाची कल्पना साधी होती. मन अस्वस्थ झालं की शरीरात काही संप्रेरकं वाढतात आणि त्यांचा अंश लघवीवाटे बाहेर पडतो. प्रत्येक इमारतीच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये एक छोटं यंत्र बसवलेलं असे. ते हा अंश मोजून रोज एक आकडा काढी. साठाच्या आत असला तर बरं. शंभराच्या वर गेला की समुपदेशकांचे फोन सुरू. फोनवर माणसं ‘मजेत आहे’ असं सांगत, पण चेंबरमधला आकडा वेगळंच सांगे.

सगळं शहर एकशे दहाच्या आसपास घुटमळत होतं. फक्त हरिपूर रोडवरच्या सौदामिनी सोसायटीचा आकडा होता एक्केचाळीस.

एका दुपारी पांढरा संरक्षक पोशाख घातलेली एक बाई सोसायटीच्या आवारात येऊन उभी राहिली आणि पहिल्या मजल्याच्या बाल्कनीकडे बघून ओरडली, “सेक्रेटरी कोण इथले?”

शरयू आरवाडे बाहेर आल्या. वय चौसष्ट. पती गेल्यापासून एकट्याच राहत. सेक्रेटरीपद दुसरं कुणी घेईना म्हणून त्यांच्या गळ्यात पडलं होतं.

“मी डॉक्टर नजमा मणेर. उद्वेगांकाचं काम बघते. काकू, तुमचं यंत्र मी दोनदा बदललं. ते बिघडलेलं नाही. तुम्ही लोक नक्की करता तरी काय?”

“काय करणार? जेवतो, झोपतो, भांडतो.”

“भांडता? कसे?”

“बाल्कनीतनं. पाण्यावरनं. तुम्हाला ऐकायचंय होय?”

“योगासनं वगैरे? भजन?”

“भजन असतंय मोबाईलवर. त्यानं माझं तरी डोकंच उठतंय.”

डॉक्टर हसल्या. मग वर बघतच म्हणाल्या, “काकू, गेल्या महिन्यात या शहरात एकोणीस जणांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. तुमच्या इमारतीत एकानंही नाही. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय, का नाही?”

शरयूबाईंना उत्तर ठाऊक होतं. निदान शंका तरी होती. पण ते सांगायचं कसं?

गोष्ट प्रल्हाद कुंभोजकरांपासून सुरू झाली होती. ते त्यांच्या खालीच, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत. बेदाण्याच्या शीतगृहात नोकरी करून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पहिल्या घरबंदीत त्यांनी झोपेच्या गोळ्यांची अख्खी पट्टी गिळली होती. वाचले ते नशिबानं. ही घरबंदी लागली तेव्हा शरयूबाईंनी वाटीभर आमटी पिशवीत घालून दोरीनं इमारतीच्या आतल्या उभ्या डक्टमधून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सोडली. ती वाटी रिकामी परत करायची नाही, एवढा रिवाज कुंभोजकरांना माहीत होता आणि स्वयंपाक तर येत नव्हता. त्यांनी वाटीत बेदाणे घातले. त्या बेदाण्यांची खीर होऊन वाटी वरच्या मजल्यावर गेली, तिथून ती चटणी घेऊन खाली आली आणि मग हे थांबवायचं कसं हे कुणालाच कळेना. दोनशे दिवस चोवीस घरांच्या वाट्या डक्टमधून वरखाली करत होत्या. निळ्या पेटीत घातलं की खिरीचा वास जातो म्हणून ती पेटीही कुणी वापरत नव्हतं. नियमाप्रमाणे हा गुन्हा होता. कळलं असतं तर खिडक्यांना जाळ्या ठोकल्या असत्या. आणि वाट्या थांबल्या तर कुंभोजकरांचं काय होईल, हा विचारसुद्धा शरयूबाईंना सोसत नव्हता.

पण एकोणीस हा आकडा कानातून जाईना.

“सांगते,” त्या म्हणाल्या. “पण दोरी कापायची नाही. शब्द द्या.”

“शब्द,” डॉक्टर म्हणाल्या, आणि सगळं ऐकल्यावर त्यांनी लगेच चार वाट्या मागितल्या. वेगवेगळ्या घरांतल्या, न धुतलेल्या.

इथे एक घोटाळा झाला. उष्ट्या वाट्या द्यायच्या, त्याही रिकाम्या, आणि घरी आलेल्या बाईला? शरयूबाईंचा हात धजेना. त्यांनी चारही वाट्यांत शेंगदाण्याची चटणी भरली. प्रयोगशाळेनं आठ दिवस त्या चटणीवर घालवले. एका तरुण संशोधकानं तर चटणीतल्या लसणीवर टिपणही लिहायला घेतलं. शेवटी डॉक्टरांनी वैतागून फोन केला, “काकू, यात कोणतं औषध आहे?”

“औषध कसलं? ती तुमच्यासाठी होती. भाकरीबरोबर खायची.”

आणखी पंधरा दिवसांनी खरं उत्तर सापडलं. ते वाट्यांच्या काठावर होतं. डॉक्टरांनी ते फोनवर समजावून सांगितलं.

“माणसाच्या कातडीवर तेलाचा अतिशय पातळ थर असतो. शिवाय सूक्ष्मजीव आणि शेकडो रेणू. माणूस जिथं हात लावतो तिथं ते मागं उरतात. नाकाला त्यांचा वास कळत नाही, पण मेंदूच्या एका फार जुन्या भागाला कळतो. आम्ही त्याला नाव दिलंय परगंध.”

“म्हणजे परक्याचा वास?”

“हो. माणूस लाखो वर्षं टोळीत राहिला. आसपास टोळी आहे, हे त्या भागाला परगंधावरून समजतं. तो काही आठवडे मिळाला नाही की मेंदू धोक्याची घंटा वाजवायला लागतो. टोळी गेली, तू एकटा राहिलास!”

“पण पाच-पाच माणसांच्या घरातलीही माणसं रडकुंडीला आलीत की.”

“कारण स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही ना? तसंच हे. रोजच्या माणसांची मेंदूला सवय होऊन जाते. गंध बाहेरचाच लागतो. फोनवर आवाज जातो, चेहरा जातो, हा जात नाही. तुमच्या दोरीवरून रोज चोवीस घरं एकमेकांना भेटत होती, काकू.”

इतके दिवस शरयूबाईंना वाटत होतं, माणूस जगतो तो आमटीच्या चवीनं.

डॉक्टरांनी शब्द पाळला. दोरी कापली गेली नाही. उलट सरकारनं परगंध प्रयोगशाळेत तयार करून घेतला. हजारो माणसांच्या कातडीवरचे रेणू एकत्र केलेले, जंतू मात्र एकही नाही. शिध्याबरोबर घरोघर एक लहानशी बाटली येऊ लागली. सकाळी एक फवारा, संध्याकाळी एक.

महिन्याभरात शहराचा आकडा अडतीसवर आला. जीव देण्याचे प्रयत्न थांबले. डॉक्टर मणेरांचा सत्कार झाला, अर्थात पडद्यावर. घरबंदी आणखी चार महिने वाढली, पण कुणी आरडाओरडा केला नाही. ती कधी उठणार, असं विचारणारे फोनही बंद झाले.

सौदामिनीच्या डक्टमधल्या वाट्याही हळूहळू कमी झाल्या. कुणी बंद केल्या असं नाही. एकदा शरयूबाईंनी आमटी पाठवली तेव्हा कुंभोजकर खिडकीत आले आणि प्रसन्नपणे म्हणाले, “नको वहिनी. कशाला त्रास? काही कमी नाही मला.” चेहरा खरोखरच तृप्त होता. हा माणूस वाचला, असं वाटून शरयूबाईंनी दोरी वर ओढली.

पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी त्यांनी डॉक्टरांना फोन केला.

“आमचा आकडा आज किती आहे हो?”

“छत्तीस. शहरात सगळ्यात कमी.”

“काल?”

“छत्तीस. का?”

“मंगळवारी कुंभोजकर गेले. झोपेतच, हृदय बंद पडलं. शिध्याचं खोकं दोन दिवस दारात पडून राहिलं तेव्हा गुरुवारी कळलं.”

“अरेरे,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणजे कालपासून आकडा वाढायला हवा होता.”

“हो ना. म्हणूनच फोन केला. चोवीस घरं, दोनशे दिवस त्या माणसाचे बेदाणे खाल्ले. कुणाच्या डोळ्यात पाणी नाही. माझ्याही नाही. वाईट झालं हे मला कळतंय, डॉक्टर. दोन आणि दोन चार हे कळावं तसं. पण वाटत काहीच नाही.”

“मेंदूला टोळी पूर्ण दिसतेय,” डॉक्टर सावकाश म्हणाल्या. “हजारो माणसं अवतीभवती. त्यातला एक कमी झाला तर त्याला पत्ता लागत नाही.” पलीकडे पेनाचा आवाज आला. त्या हे लिहून घेत होत्या.

“तुम्ही मारता का फवारा?”

“मारते. सगळेच मारतात.”

“मग मी आत्ता सांगितलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

पेनाचा आवाज थांबला. डॉक्टर स्वतःच्या मनात शोधत राहिल्या.

“कुतूहल,” त्या शेवटी म्हणाल्या. “फक्त कुतूहल. काकू, असं करू या. आपण दोघी आठवडाभर फवारा बंद ठेवू. मग तुम्हाला रडू येईल बहुतेक. मलाही.”

शरयूबाईंनी कपाटावरच्या बाटलीकडे पाहिलं. सूचना चुकीची वाटत नव्हती. त्यांनी तिच्यावर मन लावून, प्रामाणिकपणे विचार केला.

“ठेवू की,” त्या म्हणाल्या. “पण कशासाठी, डॉक्टर?”