वळणाचा घाणा

तेराव्याचं जेवण उरकलं की चौदाव्या दिवशी वळण लावून घ्यायचं, ही रीत आता घरोघरी रुळली होती. दुःखाची आठवण पुसता येत नाही. पण ती जागी होऊ लागली की मेंदूतली तिची वाट एखाद्या सुखाच्या आठवणीकडे वळवता येते. रडायचं कशाला? वळण लावा नि मोकळे व्हा!

अन्वयही असाच मोकळा झाला होता. आणि आता परवापासून एका जागी बसून होता, डोळे मिटून, गप्प. त्याला घास भरवून भरवून त्याची बायको ऋजुता पार मेटाकुटीला आली होती. शेवटी तिनं त्याला वळणं लावणाऱ्या डॉ. कुवळेकरबाईंकडे आणलं.

"याला आम्ही घाणा म्हणतो," बाई म्हणाल्या. "जुन्या काळी वेबसाइटचं पान हलवलं, की जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप पाठवायची सोय असे. दोन पानं एकमेकांकडेच पाठवू लागली, की वाचणारा बिचारा गरगरत राही. यांना वळणं दोन आहेत ना?"

"हो. आमची रेवा गेली, सहा वर्षांची. त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा तिच्यावरून सासूबाईंच्या पुरणपोळीकडे वळण लावलं. गेल्या महिन्यात सासूबाई गेल्या. त्यांचं यानं दुसऱ्याच दवाखान्यात लावून घेतलं."

"आणि तिथल्या यंत्रानं सगळ्यांत गोड आठवण शोधली. ती रेवाचीच निघाली!" बाईंनी सुस्कारा सोडला. "आधीचं वळण कुणी विचारलंच नाही?"

"विचारलं असतं, तरी याला कुठं आठवत होतं?"

"एक तोडावं लागेल. आईचं तोडू. पिकलं पान होतं, सोसतील ते."

ऋजुतानं स्वतः वळण लावलं नव्हतं. पोरीला कुणीतरी आठवायला नको? रेवाचा फोटोही तिनं भिंतीवरून उतरवला होता, कारण तो बघितला की अन्वय हसून पुरणपोळी मागायचा.

"रेवाचं तोडा," ती म्हणाली.

"अहो, त्यांच्या लेखी ती आज जाईल! आई आठवली तरी पोरच समोर येईल!"

"येऊ दे. मी एकटीनं फार वाहिलंय, बाई. थकले आता."

बाईंनी वळण तोडलं. अन्वयनं डोळे उघडले, "रेवू?" म्हणाला, आणि मग त्यानं जो हंबरडा फोडला! ऋजुतानं त्याला पोटाशी धरलं. तिला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली.

तो अजून हुंदके देत होता. तिनं त्याच्या मुठीतून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

"तिला आठवायला हा आहे आता," ती म्हणाली. "माझं वळण लावून टाका."