घडी न मोडलेले गाऊन

कचेरी उघडून दहा मिनिटं झाली नसतील, तोच एक बाई आत आली आणि ‘बसू का’ वगैरे न विचारता खुर्चीत बसली. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती. भावजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. सकाळचा पहिला चहा गरम असताना प्यायला मिळावा, एवढंच त्यांचं आयुष्याकडे मागणं उरलं होतं, आणि तेवढंही कुणी पुरवत नव्हतं.

कचेरी त्यांच्या थोरल्या वहिनींची. खासगी तपास हे वहिनींचं काम. स्कूटर चालवणं, फायली वाहणं आणि सगळ्यांत शेवटी समजणं हे भावजींचं. तीस वर्षं टायपिस्टची नोकरी करून निवृत्त झाल्यावर त्यांचा आराम करायचा बेत होता. तो बेत वहिनींना कुणी कळवलेला दिसत नव्हता.

आलेली बाई सरकारी रुग्णालयात शिंपीण होती. पेशंटचे गाऊन, चादरी, पडदे, सगळं तिच्याच मशीनखालून जायचं. तिच्या धाकट्या भावाचं वजन एकशे ब्याऐंशी किलो. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून दोन वर्षं तो खुर्चीत बसूनच झोपत होता. वजन उतरवायचं ऑपरेशन त्याच रुग्णालयात फुकट व्हायचं. दीड वर्ष यादीत थांबल्यावर त्याला येत्या सोमवारची तारीख मिळाली होती.

“आणि आता विभागच बंद करतायत,” ती म्हणाली. “आज तीन वाजता बैठक आहे. म्हणे, ऑपरेशन करून कुणी बारीकच होत नाही. सर्जनसाहेब म्हणतात, कुणीतरी मुद्दाम घात करतंय. ते मला कळत नाही. पण बाहेर ऑपरेशन करायची आमची ऐपत नाही, आणि माझा भाऊ असं अजून वर्षभर काढेल असं मला वाटत नाही, बाई.”

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं?” वहिनींनी विचारलं. “बारीक होतात की नाही?”

शिंपिणीने प्रामाणिकपणे विचार केला. वर्षाच्या तपासणीला येणाऱ्यांसाठी सर्जनसाहेबांनी तिच्याकडून लहान मापाचे चाळीस गाऊन शिवून घेतले होते. ते कपाटात जसेच्या तसे पडून होते. मोठे गाऊन मात्र धुऊन धुऊन विरले होते.

“एकाही लहान गाऊनची घडी मोडली नाही?”

“एकाही नाही.”

वहिनी उठल्या. भावजींनी कपाकडे पाहिलं आणि तेही उठले.

रुग्णालयाच्या फाटकावर रांग होती, आणि रांगेच्या तोंडाशी एक काटेकोर वॉचमन. प्रत्येकाचं कार्ड तो चेहऱ्याशेजारी धरायचा, फोटोकडे बघायचा, चेहऱ्याकडे बघायचा, मग पुन्हा फोटोकडे. सोनं पारखणाराही एवढा वेळ लावत नसेल. भावजी मनातल्या मनात चरफडत होते.

त्यांच्या पुढे एक हडकुळी बाई होती. गालांची हाडं वर आलेली, पावलं ओढत चालणारी. तिचं कार्ड वॉचमनने नीट न्याहाळलं आणि खिशात टाकलं. “ज्याचं कार्ड त्यानेच यायचं. पुन्हा दिसलात तर पोलिसात देईन.” बाई काहीतरी पुटपुटली, मग बाजूला होऊन कट्ट्यावर जाऊन बसली. रांग सरकली याचाच भावजींना आनंद झाला.

वहिनींनी वॉचमनला कामाबद्दल दोन शब्द बरे बोलल्याबरोबर तो खुलला. पूर्वी म्हणे एका कार्डावर अख्खं घर औषधं न्यायचं, नणंदेच्या नावावर भावजय आणि सासऱ्याच्या नावावर जावई. अधीक्षकसाहेबांनी फोटोचं कार्ड सुरू केलं आणि त्याने स्वतः शेकड्याने तोतये पकडले. भेटायला येणाऱ्यांना मात्र कार्ड लागत नव्हतं. या दोघांना त्याने गुलाबी चिठ्ठ्या फाडून दिल्या.

सर्जन उंच, थकलेला आणि चिडलेला माणूस होता. डॉक्टरांच्या गाड्या मागच्या बाजूला लागतात, तिथून तो सकाळी सातला वर येई आणि अंधार पडताना तिथूनच जाई. त्याने आकडे तोंडपाठ सांगितले. सव्वा वर्षात एकशे साठ जणांनी वर्षाच्या तपासणीला यायला हवं होतं. आले एकोणतीस, आणि त्या एकोणतिसांतल्या सव्वीस जणांचं वजन जेमतेम उतरलेलं, उरलेल्या तिघांचंही पंचवीसेक किलोच.

“त्याच्या आधी दहातले आठ यायचे,” तो म्हणाला. “अंगावरचे कपडे गळून पडावेत इतके उतरलेले असायचे. माझा हात एका वर्षात बिघडला का? माझ्या चांगल्या पेशंटना कुणीतरी पळवतंय किंवा रजिस्टरमधून खोडतंय.”

रजिस्टर ज्याच्या ताब्यात, तो कारकून हनुवटी टेकून बसला होता. नावं गाळल्याचा आरोप ऐकून त्याने जांभई दिली. जो येतो त्याचं लिहितो, जो येत नाही त्याच्यापुढे ‘गैरहजर’. वहिनींनी रजिस्टर चाळलं. पहिल्या महिन्याच्या तपासणीला जवळजवळ सगळे हजर होते. तिसऱ्या महिन्याला थोडे कमी. सहाव्या महिन्यापासून पानंच्या पानं गैरहजर.

“बरं वाटलं की माणूस डॉक्टरला विसरतो,” कारकून म्हणाला. “गरज सरो नि वैद्य मरो.”

आहारतज्ज्ञ बाईंचा राग पेशंटवरच होता. अर्धं आयुष्य लोकांना कमी खा सांगण्यात गेल्यावर माणसाचा माणसावरचा विश्वास उडत असावा. गैरहजर राहिलेल्यांना त्यांनी स्वतः फोन केले होते. “आणि उत्तर काय, तर ‘आलो होतो, तुम्हीच हाकललंत.’ सरळ खोटं! कुणी आलं असतं तर मला दिसलं नसतं का? चोरून खातात, वजन वाढतं, मग तोंड लपवतात.”

“किती जणांनी असं सांगितलं?”

“ज्यांनी फोन उचलला त्या सगळ्यांनी. ठरवून बोलल्यासारखं.”

वहिनींनी त्यांच्याकडून त्यातल्या एकीचा नंबर घेतला.

शेवटी मधुमेहाचे डॉक्टर. विभाग बंद करावा हा अहवाल त्यांचाच, आणि त्या खाटा त्यांना हव्या होत्या हे ते लपवतही नव्हते. “माझे पेशंट बघा,” ते म्हणाले. “त्याच फाटकातून येतात, त्याच रांगेत उभे राहतात, वर्षानुवर्षं तारीख चुकवत नाहीत. यांचेच तेवढे गायब का होतात? कारण ऑपरेशनचा उपयोग होत नाही. एवढं साधं आहे.”

वहिनी फोन करायला व्हरांड्यात गेल्या आणि भावजींना सात नंबरच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसवून गेल्या. खिडकी बंद होती. करायला काही नसल्याने भावजींनी वरची पाटी तीनदा वाचली: ‘कार्डावरील फोटो बदलण्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णास प्रत्यक्ष तपासून दिलेले पत्र आवश्यक.’ सरकारी भाषा वाचली की त्यांची बोटं आपोआप मांडीवर टाइप करायला लागत.

वहिनी परत आल्या तेव्हा भावजींनी आपला निष्कर्ष सांगून टाकला. गुन्हेगार कारकून. मधुमेहवाल्यांनी त्याला फितवलं आणि त्याने बारीक झालेल्यांची नावं गाळली.

“भावजी, ज्याला आलेली नावं लिहायचा कंटाळा, तो गाळायचे कष्ट घेईल का?” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही आज सकाळी गुन्हा डोळ्यांदेखत घडताना पाहिलात. आणि रांग सरकली म्हणून खूश झालात.”

तीन वाजता अधीक्षकांच्या खोलीत सगळे जमले. अधीक्षक घड्याळाकडे बघत होते. शिंपीण दाराशी उभी होती. वॉचमनला वहिनींनी त्याच्या टेबलाच्या खणासकट बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याला वाटत होतं, सत्कार आहे.

“आधी एक गोष्ट बघा,” वहिनींनी सुरुवात केली. “ऑपरेशन फसलं असं धरलं, तरी एकशे साठांत पाच-दहा जण तरी बारीक होऊन आले असते. इथे लहान गाऊनची घडीच मोडत नाही. म्हणजे बारीक माणूस आतच येत नाही. तो होत नाही की पोचत नाही, एवढाच प्रश्न होता.”

अधीक्षकांनी घड्याळावरची नजर काढली.

“रजिस्टर सांगतं, पहिल्या महिन्याला सगळे येतात आणि सहाव्यापासून गळती लागते. म्हणजे जसजसं वजन उतरतं, तसतसा माणूस गैरहजर होतो. फोनवर सगळे एकच उत्तर देतात, आलो होतो, हाकललंत. बाई म्हणतात, ठरवून बोलतात. एकमेकांना न ओळखणारी माणसं ठरवून कशी बोलतील? ती खरं बोलत असतील, तरच त्यांचं उत्तर एक निघेल. आता मधुमेहाचे डॉक्टर म्हणतात, माझे पेशंट त्याच फाटकातून बरोबर येतात. येतीलच. साखर उतरली म्हणून चेहरा बदलत नाही.”

त्यांनी वॉचमनकडे पाहिलं. “दादा, तो खण टेबलावर उपडा करा.”

कार्डांचा ढीग पडला. एकशे चोवीस कार्डं. त्यातल्या एकशे अठरांवर सर्जनच्या विभागाचा शिक्का होता, आणि प्रत्येक फोटोत एक गोल, फुगलेला, हनुवटी हरवलेला चेहरा.

“सव्वा वर्षापूर्वी फोटोचं कार्ड आलं. फोटो ऑपरेशनच्या आधीचा, जुन्या पेशंटचाही फाइलमधून उचललेला. पंचवीस किलो उतरले तर माणूस निसटून आत यायचा. सत्तर उतरले की तोतया ठरायचा. ज्याचं ऑपरेशन फसलं त्याचाच चेहरा फोटोशी जुळायचा, आणि तोच आत येऊन तुमच्या अहवालात बसायचा. एकोणतीस आले म्हणता ते हे. फोटो बदलायला सात नंबरची खिडकी आहे, पण तिला डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि डॉक्टर फाटकाच्या आत. सर्जनसाहेब मागून येतात, मागून जातात. घात कुणीच केला नाही. सगळ्यांनी आपापलं काम नियमाने केलं.”

वॉचमनचा चेहरा उतरला होता. “मी तर दुसरं ओळखपत्रपण मागायचो,” तो हळूच म्हणाला. “त्याच्यावरपण तीच जाडी माणसं.”

वहिनींनी दार उघडलं आणि सकाळी कट्ट्यावर बसलेल्या त्या हडकुळ्या बाईला, जिला त्यांनी गुलाबी चिठ्ठीवर फाटकातून आणवलं होतं, आत घेऊन आल्या. सर्जनने तिला नमस्कार केला आणि विचारलं, “या कोण?”

“बघा, तुम्हीही ओळखलं नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “मग वॉचमनला काय बोल लावायचा? मघाशी मी यांनाच फोन केला होता. आज तिसऱ्यांदा आल्या आहेत. दोनदा नुसतंच परत पाठवलं, आज कार्डही काढून घेतलं.”

सर्जन तिला पडद्याआड घेऊन गेला. बाहेर येऊन त्याने आधी तिला खुर्ची दिली. “टाके माझेच आहेत. एकशे अठ्ठावन्न किलो होत्या, आता बावन्न.” मग तो अधीक्षकांवर एकदम कडाडला. “आणि यांना पावलांत संवेदना नाही. पायातली चप्पल निघून गेली तरी कळत नाही. ऑपरेशननंतर आयुष्यभर जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात, ती मी फुकट देतो, आणि या सहा महिने तुमच्या फाटकावरून परत जातायत. असे एकशे अठरा जण आहेत!”

मधुमेहाच्या डॉक्टरांनी आपला अहवाल उचलला, घडी केली आणि खिशात घातला. ते वाईट गृहस्थ नव्हते. “सगळ्यांना बोलवा,” ते म्हणाले. “नसा मी तपासतो.”

अधीक्षकांनी कपाळ चोळलं. विभाग बंद करायचा ठराव मागे घेतला, सोमवारच्या तारखा कायम केल्या, आणि बरोबरीनेच एक समिती नेमतो म्हणाले. समिती हा शब्द ऐकून वहिनींनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. तेव्हा ते म्हणाले, आदेश आजच काढतो, पण टायपिस्ट रजेवर आहे.

भावजींनी एक उसासा टाकला आणि ते टाइपरायटरसमोर बसले. अधीक्षक सांगत गेले, खोडत गेले, पुन्हा सांगत गेले. पाच वेळा खाडाखोड झाल्यावर एक वाक्य उरलं: ‘शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बारीक झाल्यास तो तोच रुग्ण समजावा.’ तीस वर्षांत भावजींनी हजारो आदेश टाइप केले होते. एकाही आदेशाने त्यांचे डोळे भरून आले नव्हते. त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्यांनी नाक जोरात शिंकरलं.

शिंपीण त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. ओठ हलवत तिने ते वाक्य दोनदा वाचलं.

“याची एक प्रत माझ्या भावाच्या फाइलला आत्ताच लावा, साहेब,” ती अधीक्षकांना म्हणाली. “तो बरा होऊन येईल तेव्हा तुमच्यातलं कुणी इथे असेलच असं नाही.”

भावजींनी दुसरा कागद चढवला आणि तेच वाक्य पुन्हा टाइप केलं, यावेळी सावकाश, एकही चूक न करता. अधीक्षकांनी उभ्या उभ्याच त्यावर सही केली.