वायर काढलेला बेंजो

"तुले हळू वाजवता येते काय?"

प्रश्न खुशीचा नव्हता, तिच्या मैत्रिणीचा, रीताचा होता. पण रीता पडली भित्री, आणि खुशीला बारावीत आल्यापासून जणू पंखच फुटले होते. सरांना उलटून शंका विचारायच्या, स्कूटी एका हाताने चालवायची, कोणी टक लावून बघितलं तर आपणही टक लावून बघायचं... देवीच्या विसर्जनाला कुडव्याच्या चौकात धुमाल पार्टीची, म्हणजे ढोल-बेंजोवाल्यांची, गाडी दणदणत आली, स्पीकरांच्या भिंतीने सगळ्यांची काळजं बरगड्यांवर आपटायला लागली, तेव्हा रीताने तिला कोपराने ढोसलं.

"मोठी हिंमतवाली ना वो तू? जा, त्या बेंजोवाल्या पोट्ट्याले विचारून दाखव."

खुशी गेली. गाडीच्या मागे ढोलवाले, त्यांच्या मधोमध गळ्यात बेंजो अडकवलेला तो. बेंजोच्या बटणांवर बोटं अशी पळत होती, जसं कोणी गरम तव्यावरून शेंगदाणे वेचतंय.

"तुले हळू वाजवता येते काय?"

"काऽय?"

"हळूऽ! हळू वाजवता येते काऽय?"

नेमकी तेव्हाच मिरवणूक थांबली. रस्त्यावर विजेची तार खाली लोंबत होती, ती बांबूने उचलायची होती. ढोल थांबले, आणि खुशीचा शेवटचा "काऽय" अख्ख्या चौकाने ऐकला. मागे रीता तोंडावर ओढणी दाबून खाली बसली.

पोरगा हसला नाही. त्याने खुशीकडे पाहिलं... मग शांतपणे बेंजोची वायर उपसून खिशात कोंबली आणि वाजवायला लागला.

काहीच ऐकू येईना.

"वाजवून तं राहिला ना?" खुशी म्हणाली.

"जवळ यावं लागते."

ती वाकली. कान बेंजोपाशी नेला. आणि तारा — त्याच तारा, ज्यांनी मघाशी खिडक्यांच्या काचा थरथरवल्या होत्या — तिच्या कानात कुजबुजू लागल्या. ओळखीची नव्हती ती चाल. मध्येच अडखळायची, पुन्हा धावायची, जसं कोणी दारापर्यंत येऊन परत जातंय.

"कोणतं गाणं हाय हे?"

"तुमच्या रीलवाल्यातलं नाही." तार वर उचलली गेली, ड्रायव्हरने हॉर्न मारला. त्याने वायर परत खुपसली. "तू सायन्सवाली ना? उद्या सायकल स्टँडवर ये. ऐकवतो!"

आणि धडाम्! पुन्हा सगळं जग हलायला लागलं. खुशी मात्र त्या आवाजात ती बारीक चाल शोधत उभी राहिली, आणि ती काही सापडेना.

पोराचं नाव इंद्रकुमार. एवढं भारी नाव घरी कोणी घेत नसे, सगळे इंदर म्हणत. दवनीवाड्याच्या धुमाल पार्टीचा मालक चुन्नीलाल म्हणजे त्याचा बाप. इंदर तिच्याच कॉलेजात, बारावी आर्ट्सला. दोन वर्षं एकाच फाटकातून आत जात होते, आणि खुशीने त्याला कधी पाहिलं नव्हतं!

"हे घे." सायकल स्टँडवर त्याने इअरफोनची एक गोळी पुढे केली. वायरवाला इअरफोन, जोडावर चिकटपट्टी.

"ब्लूटूथ नाही तुझ्याकडे?"

"धुमालवाल्याच्या घरी वायर सोडून काय भेटणार?"

वायर आखूड होती. एक गोळी त्याच्या कानात, एक तिच्या. मध्ये एक सायकल होती, म्हणून बरं.

मग रोज एक गाणं, असं ठरलं. कोणत्या कंपनीने काढलेली गाणी नव्हती ती. कुठल्याशा पहाडी गावातल्या बाईने रोट्या भाजता भाजता गायलेलं, मागे चिमटा वाजतोय. एका शाळामास्तराने रिकाम्या वर्गात गिटारवर बसवलेली आजोळची ओवी. बस्तरचा एक जण दोन तारांच्या वाद्यावर, आणि त्याच्या घरचा पंखा कुरकुरतोय तोही गाण्यात. ज्यांना कोणी ओळखत नाही, अशा लोकांनी आपापल्या खोल्यांत बसून गायलेली गाणी.

"तुले सापडतात कशी ही?" तिने विचारलं.

"दिवसभर कान फुटले का रात्री माणूस शांत जागा धुंडाळतेच."

खुशीही मागे राहणारी नव्हती. आईच्या फोनमध्ये जुलैतल्या रोवणीची एक क्लिप होती. बाया गुडघाभर चिखलात धानाची रोपं लावताना गात होत्या, ती तिने त्याला पाठवली. त्याने दुसऱ्या दिवशी जागून लाल झालेल्या डोळ्यांनी सांगितलं, "बारा वेळा ऐकलं. त्यातली एक बाई सुरात नाही, तीच सगळ्यात छान हाय."

"ती माझी आई हाय."

"...बारा वेळा ऐकलं म्हणलं ना!"

घरी खुशीला चैन पडेना. पुस्तक उघडलं की पाय हलायचा. ताटावर बसली की बोटं ताटाच्या काठावर ताल धरायची. रात्री आठला पाठवतो म्हणालेलं गाणं सव्वाआठपर्यंत आलं नाही, तर ती अंगणात दहा फेऱ्या घालायची.

"पाय काऊन हालवून राहिली वो पोरी?" आई, सुमित्राबाई, ओरडायची. "खुर्ची तुटंल एखाद्या दिवशी."

एक चॅनेल इंदर पुन्हा पुन्हा द्यायचा. नाव 'बोडीकाठ', आणि चित्राच्या जागी शेताशेजारच्या बोडीचं, छोट्या तळ्याचं, हिरवट पाणी. गाणारा दिसत नसे. विसर्जनातली ती चालही तिथलीच निघाली.

*बोडीच्या पान्याले इचारू नोको बाई,*
*कोनाचं रूप ते ठेवते...*
*जाशील तं जा, पन वाकून देख,*
*रूप तुजं पान्यात हालते...*

"कोण हाय हा?" खुशी विचारायची.

"काय माहीत. असंल कोणी येडा."

एका रविवारी तिने ते गाणं आवाज पूर्ण वाढवून ऐकलं. कडवं संपतं, बेंजो थांबतो — आणि लांबून, खूप लांबून एक बाई ओरडते: "इंदऽर! मोटर बंद कर रे, पानी वाहून राहिलं!"

खुशी पलंगावरून उडीच मारून उठली.

सोमवारी सायकल स्टँडवर ती कमरेवर हात ठेवून उभी. "मोटर बंद केली होती का मग?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "...जगात एकच इंदर हाय काय?"

"बंद केली होती का, ते सांग."

"गाणं संपल्यावर." तो आता कानापर्यंत लाल. "धानाची बांधी फुटली. मायनं बोलणी घातली, बाबानं झोडपलं. पन गाणं झालं."

"आणि मले 'असंल कोणी येडा' म्हणत होता!"

"खोटं काय होतं त्यात?" मग तो गंभीर झाला. "कोणाले सांगू नोको, खुशी. आमच्या धंद्यात नाच थांबला का पार्टीचं नाव संपलं. बाबाले समजलं का मी असं मरगळलेलं वाजवतो, तं बेंजो हातातून जाईल."

"नाही सांगणार. शप्पथ."

शप्पथ तिने मोडली नाही. तिने त्याहून वाईट केलं.

डिसेंबरात शेजारच्या घरची वरात निघाली, आणि पार्टी होती चुन्नीलालची. खुशी नवा घागरा घालून पुढे नाचत होती. समोर इंदर, ऑर्डरीप्रमाणे दणदणीत गाणी वाजवत. दोन महिने तिच्या एकटीच्या कानात राहिलेलं ते गाणं... ते या सगळ्यांनी ऐकावं, सगळ्यांनी म्हणावं, वाह! तिला राहवेना. ती नाचत नाचत त्याच्यापाशी गेली.

"ते वाजव ना!"

त्याने मान हलवली. नाही.

"वाजव ना! घाबरला का?"

नसता तो शब्द उच्चारला तर बरं झालं असतं. इंदरने तिच्याकडे बघितलं, एकदा बापाकडे बघितलं, आणि वाजवलं. वायरीसकट. बोडीचं पाणी त्या स्पीकरांच्या भिंतीतून असं निघालं, जसं कोणी कुजबुज भोंग्यावर लावली. ढोलवाल्यांना ठेका सापडेना. नाचणारे पाय एकेक करून थांबले. नवरदेवाचा मामा घोड्यापाशी येऊन ओरडला, "वरात हाय का मयत हाय बे हे?"

हशा पिकला. चुन्नीलाल आला, पोराचा हात धरून बटणांवरून बाजूला केला आणि बेंजो स्वतःच्या गळ्यात घातला. इंदर गाडीमागे जाऊन उभा राहिला. त्याने खुशीकडे बघितलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी 'बोडीकाठ' गायब. लिंक दाबावी, तर काळा पडदा. सायकल स्टँडवर इंदर नाही. आर्ट्सची पोरं म्हणाली, धानाची चुरणी सुरू हाय, मळणी सोडून तो आता परीक्षेलाच येईल. फोन वाजून वाजून थांबायचा.

खुशीकडे आता गाणं उरलं ते फक्त डोक्यात. आणि तेही निसटेल, या भीतीने ती सारखी गुणगुणायची. भांडी घासताना, स्कूटीवर, भौतिकशास्त्राच्या तासाला. एका ओळीवर दुसरी चढायची, पुन्हा पहिल्यापासून. पाय जमिनीवर ठरेना.

एके दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती असंच गात होती. मोठी बहीण मंजू मागे उभी. मंजूचं लग्न फेब्रुवारीत होतं, तुमसरला द्यायची होती.

"पुन्हा म्हण."

खुशीने म्हटलं. *जाशील तं जा, पन वाकून देख...* मंजूने ओली चादर तोंडाशी धरली आणि बराच वेळ खाली काढली नाही.

"लग्नात इतका गोंधळ राहते," ती शेवटी म्हणाली, "आणि पाठवणीच्या वेळेस, जेव्हा कोणी तरी काही तरी बोलावं वाटते, तेव्हा बाजावाले जेवायले गेलेले राहतात."

खुशीच्या हातातून चिमट्यांची डबी पडली. गाणं चुकलं नव्हतं! तिने त्याला चुकीच्या जागी ओढून नेलं होतं.

अर्ध्या तासात ती स्कूटीवरून दवनीवाड्यात. चुन्नीलाल अंगणात ढोलाची दोरी कसत बसला होता.

"काकाजी, इंद्रकुमार कुठे हाय?"

त्याने खालून वर पाहिलं. "'ते वाजव' म्हणणारी तूच ना पोरी?"

"मीच." ती हटली नाही. "चूक माझी होती. त्याले काही बोलू नका."

"आमच्या धंद्यात नाच थांबला का—"

"पाठवणीत कोणी नाचत नाही, काकाजी."

चुन्नीलालचा हात दोरीवर थांबला. त्याने ढोलावर बोट टेकवलं, वाजवलं मात्र नाही. दोन मुली सासरी धाडल्या होत्या त्याने. खुशीला हे माहीत नव्हतं.

"खळ्यात हाय," तो म्हणाला. "मागून जा. गोऱ्हा मारका हाय."

इंदर धानाच्या ढिगाशी पोतं धरून उभा होता. केसांत, भुवयांत कोंडा. तिला बघून त्याने पोतं अधिकच घट्ट धरलं.

"गाणी काऊन पुसली?" ती दम खात म्हणाली.

"कोणाले पाहिजे होती?"

"मले!" मग आवाज खाली आला. "इंदर... मी तुले विचारलं होतं, हळू वाजवता येते का. तू हळू वाजवलं. आणि मीच तुले सगळ्यांपुढे जोरात वाजवायले लावलं. माफ कर ना."

त्याने पोतं खाली ठेवलं. वाऱ्याने कोंडा उडाला, दोघांच्या मध्ये सोनेरी धूळ तरंगली.

"ते गाणं मी कोणासाठी केलं, माहीत हाय?" त्याने विचारलं. "मागच्या वर्षी, अकरावीत... बस स्टॉपवर एक पोरगी धडे पाठ करत उभी राहायची. पाय सारखा हलायचा तिचा. टक्-टक्, टक्... टक्-टक्-टक्. मधेच थांबायचा, पुन्हा सुरू. वर्षभर ऐकलं मी. तिनं एकदा पाहिलं नाही."

खुशीने खाली बघितलं. तिचा उजवा पाय खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर... टक्-टक्, टक्... टक्-टक्-टक्.

तोच ठेका. दारापर्यंत येऊन परत जाणारा.

"म्हणजे विसर्जनात..."

"तू जवळ आली, आणि मी तुले तुझंच गाणं ऐकवलं," तो म्हणाला. "मले वाटलं, आता ओळखंल. तं तू म्हणते, कोणतं गाणं हाय!"

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरले, आणि दोन्ही एकदम होत असल्याने तिला भयंकर राग आला. "येडा," ती म्हणाली. "पूर्ण येडा! ताईच्या लग्नात वाजवशील? पाठवणीले?"

"तुझे बाबा?"

"ते माझ्यावर सोड."

त्या संध्याकाळी जेवणं चालू होती. बाबा, दुलीचंद, खतबियाण्याच्या दुकानातून आल्या आल्या पाटावर बसलेले. आई पोळी वाढत होती. मंजू खाली मान घालून भात कालवत होती. खुशीने ताट बाजूला सारलं आणि उभी राहिली.

"मले काही सांगायचं हाय."

"बसून सांग," बाबा म्हणाले.

"उभ्यानंच सांगते, नाही तं जमणार नाही. ताईच्या पाठवणीले मी गाणार हाय. मंडपात, सगळ्यांसमोर."

आईचा पोळीचा हात हवेतच. "पाहुण्यांसमोर? गाणार? लोक काय म्हणतील वो?"

"लोकांनी पाच मिनिटं चूप राहायचं, आई. आणि माझ्यासोबत दवनीवाड्याचा इंद्रकुमार बेंजो वाजवणार."

"चुन्नीलालचा पोट्टा?" बाबांनी घास खाली ठेवला. "वरातीत नाच बंद पाडला, तोच? पाठवणीत धुमाल वाजवते काय कोणी?"

"धुमाल नाही, बाबा. वायर काढून. तुम्हाले जवळ येऊन ऐकावं लागंल." तिने श्वास घेतला. मंजूने, कोणाला दिसणार नाही असं, तिच्या कुर्त्याचं टोक धरलं. "बारावीचा अभ्यास सोडणार नाही, मार्क कमी पडणार नाहीत, लपून कुठे जाणार नाही. पन तो मले आवडते. नंतर दुसऱ्याकडून समजण्यापेक्षा आताच माझ्या तोंडून ऐका."

चुलीवरची दाळ उतू गेली, कोणी उठलं नाही. बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्याकडे, मग कोण जाणे का, तिच्या पायाकडे. तो पहिल्यांदाच अगदी स्थिर होता.

"काय आवडलं तुले त्याच्यात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"त्याले हळू वाजवता येते, बाबा," खुशी म्हणाली. "आणि मी त्याच्यासोबत गाणार. ठरलं."