केसभर चढलेला सूर

कर्लीच्या खाडीत पायस लुद्रिक सापडला, तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत मेण भरलेलं होतं.

सकाळच्या ओहोटीला कालवं काढायला उतरलेल्या बायकांनी त्याला पाहिलं आणि आरडाओरड केली. उपनिरीक्षक अनुजा धुरी पोचली, तोवर त्याला वाळूवर काढून ठेवलं होतं. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, पायांत बूट. चर्चमध्ये मिसाला, प्रार्थनेला निघाल्यासारखा.

हवालदार गुरुदासनं मेण बघितलं आणि हा खूनच असल्याचं सांगून टाकलं. पण दुपारी डॉक्टरांचा निरोप आला. अंगावर झटापटीची खूण नव्हती. फुप्फुसांत खाडीचं पाणी होतं. मेण बोटांनी मळून भरलेलं होतं, आणि पायसच्याच नखांत ते सापडलं होतं.

म्हणजे माणूस आपल्या पायांनी पाण्यात गेला होता. मग जाताना कान का बंद केले? समुद्रकाठी जन्मलेल्या माणसाला काय ऐकायचं नव्हतं?

हा एक प्रश्न घेऊन अनुजा तारकर्लीला त्याच्या घरी गेली.

पायस लुद्रिकला मालवणात सगळे ओळखत. सिंथेसायझर ही चीज नवी होती त्या काळात तो मुंबईच्या स्टुडिओंमध्ये ती वाजवत असे. म्हातारपणी बायकोला आणि वाद्यांना घेऊन गावी परतला. पुण्याहून, बंगळुरूहून, गोव्याहून तरुण वादक आपली जुनी ॲनालॉग वाद्यं त्याच्याकडे आणत, कारण पायस नुसत्या कानानं सूर लावी. स्वर ऐकला की तो कुठला, आणि केसभर चढा आहे की उतरलेला, हे तो पाठमोरा सांगत असे.

वाद्यांच्या खोलीत त्याचा भाचा लिओन बसला होता. तो आंबोलीच्या एका निवासी शाळेत संगीत शिकवायचा, शनिवारी संध्याकाळी मामाकडे यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जायचा. बातमी कळताच घाट उतरून आला होता. डोळे सुजले होते, पण विचारलेल्याचं उत्तर नीट देत होता.

खोलीच्या मधोमध लाकडी कडांचा एक जुना सिंथेसायझर होता. पायस त्याला म्हातारी म्हणायचा. आतले भाग तापल्याशिवाय ती सुरात यायची नाही, आणि रोज नव्यानं लावावी लागायची. शेजारी एक नवा डिजिटल कीबोर्ड, सूर मोजायचा हाताएवढा ट्यूनर, आणि कोपऱ्यात रेकॉर्ड प्लेअर.

अनुजाचे वडील दशावतारात पायपेटी वाजवायचे. सूर लावणं म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं नाही.

"त्यांना काय त्रास होता?"

"कान गेला होता, मॅडम."

"ऐकू येत नव्हतं?"

"ऐकू सगळं यायचं. सूर कळत नव्हता."

मग लिओननं सगळं सांगितलं. पायसनं म्हातारी कानानं लावली की ट्यूनर म्हणायचा, उतरलेली आहे. कानाचं न ऐकता ट्यूनरप्रमाणे लावली, तर रविवारी लिओन तपासायचा आणि ती चढलेली निघायची. पायसचे डोळे मोतीबिंदूनं अधू झालेले, ट्यूनरचे चढा-उतरा सांगणारे दिवे तेवढे त्याला दिसत; बारीक आकडे रविवारी लिओनच वाचून दाखवायचा. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उतारवयात असं होतं, सुराची जाण सरकते, त्याला औषध नाही. पायसनं जेवण सोडलं. आलेली वाद्यं न लावताच परत पाठवली.

"दर रविवारी मीच त्यांना सांगायचो," लिओन म्हणाला. "अंकल, मशीन खोटं बोलत नाही."

"हे कधीपासून?"

"ईस्टरनंतर. ईस्टरला तर मजेत होते. मी जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त केला होता, त्यांच्या तरुणपणच्या टेपा ऐकत बसलो. एकीत आंटींचं गाणं निघालं. अंकल खूप हसले. आंटी मात्र उठून आत गेल्या."

पायसची बायको ईडा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बारीक चणीची, पांढऱ्या केसांची बाई. ती रडत नव्हती. अनुजानं तिच्याशी मालवणीत बोलायला सुरुवात केली, तशी ती थोडी मोकळी झाली.

"माका तेतला काय एक कळना नाय," ती म्हणाली. "माका सूर नाय, ह्या लग्नाच्या वर्साच तेंनी सांगलेला. चर्चच्या कॉयरासमोर, सगळ्या गाणाऱ्यांसमोर. तेच्यानंतर मी मिसाक सुदा कधी तोंड उघडूक नाय."

घरात आणखी कोण यायचं, असं विचारल्यावर तिनं शेजारच्या सत्यवानचं नाव घेतलं. घराची एक चावी त्याच्याकडेही असायची.

सत्यवानचं नाव गुरुदासलाही ठाऊक होतं. त्याचं लॉज पायसच्या कुंपणाला लागून होतं, आणि ही यंत्रं एक दिवस खाडीत टाकीन, असं तो भर मासळीबाजारात बोलला होता. अनुजानं त्याला बोलावून घेतलं. प्रत्येक प्रश्न त्याला दोनदा विचारावा लागला. पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचा त्याचा धंदा होता, त्यात एका कानाचा पडदा फाटला होता आणि दुसऱ्यात सतत शिट्टी वाजायची.

"पायस काय वाजवायचा ते मला कधी ऐकूच आलं नाही," तो म्हणाला. "तक्रार पाहुण्यांची होती. बोललो ते रागात."

गुरुदासचा त्याच्यावर विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या खोलीत गेली. पायस आपला रोजचा रियाज कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रित करून ठेवायचा. शेवटचं मुद्रण बुधवारचं होतं, तो गेला त्या दिवसाचं. लिओननं ते लावलं.

आधी म्हातारीचा लांब, जाड स्वर आला. मग तोच स्वर कीबोर्डवर, पियानोच्या आवाजात. मग एका जुन्या तबकडीतलं व्हायोलिन. तिन्ही एकमेकांत मिसळून गेले. आणि मग पायसचा आवाज आला, थकलेला.

"ट्यूनर ह्याच सांगता. कीबोर्ड ह्याच सांगता. तबकडी पण ह्याच सांगता. सगळी खोटी कशी आसतली? मी एकटोच खोटो."

लिओननं मान खाली घातली. अनुजानं ते मुद्रण पुन्हा लावायला सांगितलं. पियानोचा स्वर आला तेव्हा तिनं समोरच्या कीबोर्डवर तीच पट्टी दाबून धरली.

दोन स्वर जुळले नाहीत. त्यांच्यात थरथर उठली, बेसूर पेटीवर उठते तशी, दात आंबवणारी. त्याच वेळी ईडा चहाचा ट्रे घेऊन येत होती. ती उंबऱ्यावर थांबली. तिचा चेहरा आक्रसला. अनुजानं पट्टीवरचं बोट उचललं, थरथर गेली, तशी ती आत आली आणि कप ठेवून निघून गेली.

"म्हातारी सरकली असेल," लिओन म्हणाला.

"म्हातारी नव्हे. हा पियानोचा आवाज आहे. कीबोर्ड हाच. मग बुधवारी चढा आणि आज खाली कसा?"

डिजिटल कीबोर्डचा सूर उन्हानं किंवा थंडीनं सरकत नाही. कोणी बदलला तरच बदलतो.

मग लिओन न सांगताच कामाला लागला. ईस्टरपासूनची मुद्रणं एकेक उघडून त्यानं मोजली. रविवारी कीबोर्ड नेहमी जागेवर. आठवड्यात एखाद्या दिवशी जागेवर, मग अचानक चढा, मग पुन्हा जागेवर. तबकडीचंही तसंच. दोघं एकाच मापानं चढत आणि एकाच मापानं उतरत.

"हे बदलतात कसं?" अनुजानं विचारलं.

लिओननं दाखवलं. ट्यूनरला दोन बटणं होती. ती दाबली की त्याचं मूळ मापच वर सरकायचं. आकडा बारीक अक्षरांत दिसायचा, पायसला तो दिसणं शक्य नव्हतं. कीबोर्डवरही तसाच आकडा होता. रेकॉर्ड प्लेअरला वेग बदलायची सरकपट्टी होती, पण तिच्यावरच्या खुणा केव्हाच पुसून गेल्या होत्या.

"मग ही बरोबर तेवढीच कशी सरकवायची?"

"कानानं," लिओन म्हणाला. "कीबोर्ड वाजवायचा आणि तबकडी त्याला जुळवायची. पण त्याला कान फार पक्का लागतो, मॅडम. मलाही पहिल्या झटक्यात जमणार नाही."

अनुजा व्हरांड्यात गेली. मग तिनं गुरुदासला सत्यवानला बोलावून आणायला पाठवलं.

सगळे खोलीत जमले. ईडा दाराशी स्टुलावर बसली, मांडीवर हात ठेवून.

"पायस लुद्रिक यांचा कान गेला नव्हता," अनुजा म्हणाली. "शेवटच्या दिवसापर्यंत तो बरोबर होता. खोटी होती ती ही खोली."

ती सावकाश, जबाब वाचून दाखवावा तशी बोलत गेली. पायस रोज सकाळी मिसाला जायचा. तेवढ्या वेळात कोणीतरी ट्यूनर, कीबोर्ड आणि रेकॉर्ड प्लेअर केसभर वर चढवून ठेवायचं. पायस परत येऊन कानानं म्हातारी लावायचा, आणि खोलीतली प्रत्येक वस्तू त्याला सांगायची की तू चुकलास. हार मानून तो म्हातारी ट्यूनरला जुळवायचा. मग लिओन यायच्या आधी सगळं पुन्हा जागेवर नेलं जायचं, आणि खरा झालेला ट्यूनर सांगायचा की तू पुन्हा चुकलास. कानाचं ऐकलं तरी चूक, यंत्राचं ऐकलं तरी चूक. महिनोन् महिने. माणूस त्यात मोडणार नाही तर काय होईल?

"हे कोण करेल? लिओनला ही यंत्रं येतात. पण सूर बदलायचा तो मधल्या वारी, आणि तेव्हा लिओन आंबोलीत वर्गावर असायचा. सत्यवानकडे चावी होती, रागही होता. पण ती सरकपट्टी कानाशिवाय लावता येत नाही."

सत्यवाननं दुसऱ्यांदा सांगितल्यावर मान हलवली. गुरुदासनं आजूबाजूला पाहिलं. राहिली होती ती फक्त सूर न कळणारी ईडा.

अनुजा लिओनकडे वळली. "अर्थात, ज्यानं कोणी केलं त्यालाही कान बेताचाच होता. बुधवारची तबकडी परत ऐकली मी. अंदाजानं सरकवलीय. थोडी ढळलीच आहे."

लिओन गोंधळला. त्यानं स्वतः मोजलं होतं. तो काही बोलणार, एवढ्यात दाराशी आवाज आला.

"खोटा."

ईडा उभी राहिली होती.

"तसूभर सुदा ढळलेली नाय," ती म्हणाली. "केसभर नाय. परत मोजून बघा."

आपण काय बोललो ते ईडाला कळायला क्षणभर लागला. पण कळल्यावरही तिनं शब्द मागे घेतले नाहीत. उलट तिची पाठ ताठ झाली.

"मघाशी दोन सूर भांडत होते तेव्हा तुम्ही उंबऱ्यावर थांबलात," अनुजा म्हणाली. "ज्याला सूर कळत नाही त्याला ती थरथर टोचत नाही. ईस्टरला त्या टेपेत काय ऐकलंत, आंटी?"

"माझो आवाज." ईडा सरळ तिच्याकडे बघून बोलत होती. "मी रेडिओच्या परीक्षेक जावची होतंय. तेच्यासाठी घरी गायलेला. तेवा तेंनी सांगला, तुका सूर नाय. आणि कॉयरासमोर पण तसाच. मी मानलंय. चाळीस वर्सां मी पोळयो करताना सुदा गुणगुणूक नाय. आणि ईस्टराक ऐकलंय तर एक सुदा सूर चुकलेलो नाय."

"पायस काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, सूर पक्कोच होतो गो, पण तू रेडिओत गेली आसतंस तर माका जेवाक कोणी घातला आसता?" ती थांबली. "तेंका वाटला, गंमत झाली."

यंत्रं कशी बदलायची ते तिनं लिओनला बघून शिकून घेतलं होतं. पुसायच्या निमित्तानं ती खोलीत असायचीच. तिच्याकडे कोणी बघत नसे.

"आणि बुधवारी संध्याकाळी?" अनुजानं विचारलं.

"माझ्याकडे इले. लग्नापासून पयल्यांदा माका विचारल्यानी. म्हणाले, ईडा, तू तरी सांग, ह्यो सूर बरो आसा काय?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"माका खंय कळता, म्हटलंय."

पायसनं मग घरातल्या आल्तारावरची, क्रूसापुढची मेणबत्ती उचलली आणि ती हातात मळत तो खाडीकडच्या वाटेला लागला. जो कान खोटा ठरला, त्याला आता काहीच ऐकू द्यायचं नव्हतं. ईडानं जेवणाचं विचारलं होतं. तो नको म्हणाला होता. तिनं त्याला माडांपलीकडे जाताना पाहिलं आणि भांडी घासायला घेतली.

आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल होईल, असं अनुजानं तिला सांगितलं. ट्यूनरच्या बटणांवरचे ठसे घेतले जाणार होते, टेप ताब्यात घेतली जाणार होती. ईडानं दुसरी साडी नेसायला वेळ मागितला, तो मिळाला. ती बाहेर आली ती केस विंचरून.

लिओन पायऱ्यांवर उभा होता. आंटी म्हणून त्यानं हाक मारली. ईडा त्याच्यासमोर थांबली. तिचा आवाज मऊ होता, लहानपणी त्याला जेवायला बोलवायची तसा.

"मी तेंका तुम्ही चुकलात म्हणान कधी सांगूक नाय रे," ती म्हणाली. "एकदा पण नाय. ता सांगलंस तू. दर आयतवारी."

आणि ती स्वतःच जाऊन जीपमध्ये बसली.

लिओन अनुजाकडे वळला.

"मॅडम, खरं आहे का हे?"

तिला नाही म्हणता आलं असतं. पण अजून त्याचा जबाब घ्यायचा राहिला होता, आणि त्यात तेच लिहावं लागणार होतं.

"हो," अनुजा म्हणाली, आणि तिनं गुरुदासला कागद काढायला सांगितले.