खालच्या मजल्याचा ठसका

गाजराचा हलवा. सोपा. थंडीत एकदा तरी करून बघावा असा.

लाल, लांब गाजरं किसून घ्यावीत. जाड बुडाच्या कढईत तूप सोडावं, कीस परतावा, दूध घालावं, आणि मन शांत ठेवून ढवळत राहावं...

मन शांत ठेवून. इथेच घात झाला.

दूध आटत आलं होतं, कीस नुकता तुपाने चमकायला लागला होता, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून असा काही ठसका आत आला की हर्षालीला क्षणभर स्वतःचं नावही आठवेना. घसा पेटला. डोळ्यांना धारा लागल्या. हॉलमध्ये बातम्या बघत बसलेले अण्णा खोकत खोकत गॅलरीत पळाले.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. गोदाई रेसिडेन्सीत सगळी स्वयंपाकघरं एकाच डक्टवर उघडतात, त्यामुळे खालच्याने फोडणी घातली की वरच्याने शिंकायचं हा तिथला रिवाजच. पण दिवाळीनंतर खालच्या मजल्यावर नवा भाडेकरू आला होता, आणि त्याचं ते काय असेल ते, ती फोडणी नव्हती. ती धाड होती.

हर्षाली हातातल्या उलथण्यासकट जिना उतरली. दिवसभर नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि घरी येऊन स्वतःचे जाळून घ्यायचे? त्यात आई इगतपुरीला. ताईला डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटलेलं, म्हणून बाळंतपणाला आईच तिकडे गेलेली, आणि इथे हर्षाली रोज रात्री मोबाइलवर ‘थंडीतली सोपी जेवणं’ बघून एकेक पदार्थ करून पाहत होती. अण्णा प्रत्येकाला ‘बरं झालंय’ म्हणायचे. कच्च्याला, करपलेल्याला, सगळ्याला. आज पहिल्यांदा खरंच बरं होणार होतं.

तिने बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही.

दार उघडलं. खांद्यावर पंचा टाकलेला एक उंच, सावळा तरुण, आणि डोळे तिच्याहून लाल. तो मुठीने ते चोळत होता.

“डोळे चोळू नका,” हर्षाली म्हणाली. तिला हे म्हणायचं नव्हतं. पाठ केलेलं वाक्य वेगळंच होतं. “मिरचीचे हात आहेत. आणखी झोंबेल.”

“बरं.” त्याने हात खाली घेतला. “हे सांगायला आलात?”

“भांडायला आलेय.”

“मग आत या ना. भांडण उभ्याने कशाला...”

तिने उभ्यानेच केलं. डक्ट, अण्णांचा खोकला, शेजारधर्म, सगळं काढलं. तो मान जरा कलती करून ऐकत होता, जणू कुणी चांगलं गात असावं. तिचं संपल्यावर म्हणाला, “तुमच्या कढईत काही आहे का हो? लागल्याचा वास येतोय.”

होतं. आणि लागलं होतं. खरवडून काढलेला हलवा काळा आणि कडू होता आणि तो खालचा माणूस बरोबर होता. यातलं तिसरं तिला सर्वांत जास्त लागलं.

त्या तिरीमिरीत तिने सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं: ‘खालच्या मजल्यावरून रोज उग्र ठसका येतो. वडिलांना त्रास होतो. संबंधितांनी लक्ष द्यावे.’ चार अंगठे आले. ती समाधानाने झोपली.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दारात. हातात स्टीलची वाटी, वर झाकण.

“खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी. ठसका काल पोचला, चव राहिली होती.”

ती नको म्हणणार होती, पण अण्णांनी मागून हात लांब करून वाटी घेतली. काळी, तेलकट, लसणाचा दरवळ असलेली चटणी. अण्णांनी बाजरीची तिसरी भाकरी मागितली आणि ‘बरं झालंय’ म्हणाले नाहीत. खात राहिले. हर्षालीला हा अपमान वाटला, आणि चौथा घास घेताना तो आणखी वाढला.

आता वाटी. धुऊन, पुसून, दाराशी ठेवून यावी, विषय संपला. पण फोनवर आईचा आवाज चढला: शेजारची वाटी रिकामी परत करतात का कुणी? हेच शिकवलं का मी?

म्हणून शेंगोळे.

हुलग्याचं (म्हणजे कुळथाचं) पीठ घ्यावं. लसूण, हिरवी मिरची, जिरं वाटून घालावं, घट्ट मळावं. ताटावर हाताने वळून लांब लांब दोऱ्या कराव्यात (वळताना मनात कुणाचा गळा आणू नये), त्यांची वेटोळी उकळत्या आमटीत सोडावीत. एका पातेल्यात जेवण होतं. गरम असतानाच वाटीत भरून खाली नेऊन द्यावं, चेहरा शक्य तितका कोरडा ठेवून, आणि आता हिशेब मिटला असं समजून वर यावं.

ती भांडी घासत होती तेवढ्यात डक्टमधून आवाज आला. खालून. सावकाश.

“मीठ कमी पडलं.”

हर्षालीने नळ बंद केला. कुणी विचारलं होतं याला?

“पण वळलेत छान,” आवाज म्हणाला. “एकसारखे. रागात केले का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“रागात हात घट्ट चालतो.”

तिने खिडकी धाडकन लावली. मग दूध तापवायचं निमित्त काढून पुन्हा उघडली.

*

वाटी खाली जायची, वाटी वर यायची. खाली काही रिकामी जाणं शक्य नव्हतं, आणि वर रिकामी जाऊ द्यायला तोही तयार नव्हता. त्याच्याकडून उडदाचं घुटं आलं, डाळ आधी खमंग भाजलेली. तिच्याकडून वांग्याचं भरीत गेलं. डिंकाचे लाडू गेले ते दगडासारखे झाले होते. त्याने निरोप पाठवला की कंपनीत एक लाडू मशीनखाली पाचर म्हणून लावलाय, उत्तम चाललंय. ती अण्णांसमोर रागाने लालबुंद झाली आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसली.

त्याचं नाव धनराज. गाव पेठकडचं, डोंगरातलं. अंबडच्या कंपनीत सुटे भाग तयार करायच्या विभागात. त्याची आई, पुतळाबाई, एसटीने नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ पाठवायची. स्वयंपाक कुठे शिकलात, असं तिने विचारल्यावर म्हणाला, वसतिगृहाचं वरण खाऊन मोठा झालेला माणूस एक तर जेवण सोडतो, नाहीतर रांधायला शिकतो.

एकदा तिने नागलीची भाकरी करायला घेतली. त्या संध्याकाळचं फक्त ऐकू आलं तेवढंच सांगता येईल. दोघं एकमेकांना दिसत नव्हतेच. वर ती, खाली तो, मध्ये डक्टमधली वाफ.

वरून: “तुटतेय.”

खालून: “पाणी गरम घेतलंत का?”

वरून: “कोमट.”

खालून: “कोमटाने नागली नाही ऐकत. उकळतं घ्या. पिठावर ओता, झाका, थोडा वेळ सोडून द्या तिला.”

वरून: “मग?”

खालून: “मग मळा. हाताला चटका बसेल तेव्हाच. थंड झाल्यावर मळून उपयोग नाही.”

बराच वेळ फक्त थापण्याचा आवाज.

खालून: “फुगली?”

वरून: “...”

खालून: “हर्षाली?”

वरून: “फुगली. आणि नाव कुणी सांगितलं तुम्हाला?”

खालून: “अख्ख्या डक्टला माहीत आहे. अण्णा दिवसातून वीसदा हाक मारतात.”

त्या रात्री बाहेर इतकी थंडी होती की लोक कानटोप्या घालून टीव्ही बघत होते. हर्षालीच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती, आणि अण्णांनी नुसती शाल आणखी घट्ट गुंडाळली.

*

मग ग्रुपवर सूचना आली. चेअरमन निवृत्तीकाकांची.

‘रहिवाशांच्या लेखी तक्रारीनुसार खालच्या मजल्यावरील भाडेकरूच्या उग्र वासाच्या पदार्थांबाबत फ्लॅटमालकांशी बोलणे झाले आहे. सदर भाडेकरू महिनाअखेर जागा खाली करतील.’

आणि खाली, पुरावा म्हणून, तिचाच मेसेज. चार अंगठ्यांसकट.

हर्षालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर, ते तिला आधी ठरवता येईना. ती खिडकीकडे धावली. खालची खिडकी बंद होती. तिने हाक मारली. मग जिना उतरली.

धनराज खोक्यात भांडी भरत होता. वर न बघता त्याने विचारलं, “तक्रार तुमचीच ना?”

“होती. पण ती... ती ठसक्याची होती. तुमची नव्हती.”

“वाचणाऱ्याला माझीच दिसली.”

तो इतकंच बोलला, आणि पुन्हा कागदात पेले गुंडाळायला लागला. त्याने आवाज चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं.

ती तशीच निवृत्तीकाकांकडे गेली. काका देवमाणूस, तिला लहानपणापासून ओळखत असल्यामुळे त्यांनी आधी चहा पुढे केला. तिने तो घेतला नाही. दर रविवारी तुमच्याकडे बोंबील भाजतात, तो वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो, त्याची सूचना कधी निघाली का, असं तिने विचारलं. काका हसले. म्हणाले, तसं नाही गं पोरी, आपलं वेगळं. एकटा पोरगा, त्यात तिकडचा...

“तिकडचा म्हणजे कुठचा, काका?”

“अगं, ते पेठ-बिठ. डोंगरातले.”

“पेठ नाशिक जिल्ह्यातच आहे. माझ्या मामाच्या निफाडाइतकंच.”

काकांनी नियम सांगायला सुरुवात केली. तिने जिन्यातच उभं राहून ग्रुपवर लिहिलं.

‘ती तक्रार माझी होती. रागाच्या भरात केली, ती मी मागे घेते. माझा मेसेज पुढे करून कुणाला घराबाहेर काढू नये. ठसका खुरासणीच्या चटणीचा होता. उद्यापासून ती आमच्याकडेही होणार आहे. ज्यांना त्रास होईल त्यांनी माझ्या नावाने सूचना काढावी.’

मग पहिल्या मजल्यावरच्या अंजलीवहिनींनी लिहिलं, आमच्याही बोंबलांचं काय ते एकदा ठरवून घ्या. मग आणखी दोघांनी. मग कुणीतरी चटणीची कृती मागितली. निवृत्तीकाकांनी शेवटी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि सूचना काढून घेतली.

जिंकली ती. धावत खाली गेली.

*

शेवटचं एक सोडून सगळी खोकी दोरीने बांधून झाली होती, वर अंबडच्या मित्राच्या खोलीचा पत्ता.

“वाचलं मी,” धनराज म्हणाला. “मालकाचाही फोन आला. राहा म्हणतो.”

“मग ही खोकी सोडा ना.”

“ज्याने जा म्हटलं त्यानेच राहा म्हटलं. मी काय कुंडी आहे? आज गॅलरीत, उद्या गच्चीवर?” आता त्याचा आवाज चढला होता, आणि तिला कळलं की इतके दिवस तिने त्याला कधी रागावलेलं पाहिलंच नव्हतं. “तुम्ही माझ्यासाठी भांडलात. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तक्रार केलीत तेव्हा मला विचारलं नाही, मागे घेतलीत तेव्हाही नाही. दोन्ही वेळा मी खालीच होतो. एक हाक मारायची होती.”

हर्षाली दारातून आत आली.

“चुकलं माझं. दोन्ही वेळा.” ती खोक्यावर बसली. “अंबडला मित्राच्या खोलीवर जाणार ना? जा. तिथे पंख्याची घरघर ऐकत जेव. मला तुझा राग येतो, माहितीये? सकाळी दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावते तेव्हा येतो. बसमध्ये येतो. खिडकी बंद दिसली की तर... इतका राग मला आजवर कुणाचा आला नाही. आणि दुसऱ्या कुणाचा यायला मला नकोय.”

धनराज दोरीची गाठ मारता मारता थांबला. मग त्याने दोरीच खाली टाकली.

“मला या इमारतीतून जायचंय, हर्षाली,” तो म्हणाला. “तुझ्यापासून नाही.”

“हे आधी सांगता येत नव्हतं?”

“तू बोलू दिलंस कधी...”

*

रविवारी सकाळी धुकं इतकं होतं की समोरची इमारत पुसून टाकल्यासारखी दिसत होती. कॉट, शेगडी आणि खोकी मित्राच्या गाडीतून पुढे गेली. राहिला फक्त वरवंटा. आईने दिलेला, तो धनराज दुसऱ्याच्या गाडीत टाकायला तयार नव्हता. हर्षाली म्हणाली, मी धरते. अण्णा गॅलरीतून बघत होते. तिने त्यांना वर बघून ओरडून सांगितलं की वरवंटा पोचवून येते. त्यांनी शाल सावरत विचारलं, दुपारी जेवायला दोघं आहात का? ती काही बोलण्याआधीच धनराज ‘हो’ म्हणाला.

ती मोटरसायकलवर मागे बसली. मांडीवर वरवंटा, एक हात त्यावर. दुसरा हात गारठला, म्हणून तिने तो त्याच्या जॅकेटच्या खिशात घातला. त्याने गाडीचा वेग कमी केला, तर ती म्हणाली, नीट चालव.

पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरचे एक काका त्या दगडाकडे, तिच्याकडे आणि मग धनराजकडे काळजीने बघायला लागले.

“लोकांना वाटेल, तू मला धमकावून नेतेयस,” धनराज आरशात बघून म्हणाला.

“तसंच आहे,” हर्षाली म्हणाली. “सिग्नल सुटला. चल.”