बाईंना दिसणारे गृहस्थ

लॅपटॉपच्या पडद्यावर मला सल्ला द्यायला बसलेल्या बाईंच्या मागे कापडी फुलं होती. दुसऱ्यांना मन मोकळं करायला लावायचं आणि आपण खोट्या फुलांपुढे बसायचं! माझा विश्वास तिथेच उडाला.

पण बायको हट्टालाच पेटली होती. साथीत माझे वडील इस्पितळात एकटेच वारले. मला काचेपलीकडूनही बघू दिलं नाही. तेव्हापासून मी घरात कुणाशी धड बोलत नव्हतो.

"माझ्याशी नको बोलूस, पण कुणाशी तरी बोल," ती म्हणाली. "नाहीतर रस्ते उघडले की मी ताईकडे जाते."

मी पूल तपासणारा इंजिनिअर. हातोडीने ठोकून, नुसत्या आवाजावरून भेग सांगतो. आणि माझ्या डोक्यातली भेग ही बाई लॅपटॉपवरून शोधणार!

पहिल्याच भेटीत त्यांनी चष्मा सारखा केला. "खोलीत एकटेच आहात ना? बोलणं खाजगी राहायला हवं."

"एकटाच आहे."

"मग मागे खुर्चीत ते... बरं, असू दे."

माझ्या मागे, बाल्कनीच्या दाराकडे पाठ करून एक खुर्ची होती. तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. बाईंचा चष्मा फुकट गेला म्हणायचा.

दुसऱ्या भेटीत मी 'हो', 'नाही', 'ठीक' एवढ्यावर भागवलं. बाई मात्र माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत मान डोलवत होत्या. "हं... कळतंय मला. सावकाश सांगा."

मी तोंडही उघडलं नव्हतं.

"कुणाशी बोलताय तुम्ही?"

"एक मिनिट हं," त्या म्हणाल्या आणि ऐकतच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. असली नाटकं मी पुष्कळ पाहिली आहेत. मग त्यांनी हळूच विचारलं, "शेवटच्या फोनवर वडिलांनी 'ठोक्या' अशी हाक मारली का?"

ती हाक बायकोलाही ठाऊक नव्हती.

वळून पाहिलं. कपड्यांचा ढीग.

"तुम्ही जरा बाहेर थांबता का?" बाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर यांना बोलायला अवघड जातंय."

माझ्याच घरात मला बाहेर! मी तडक बाल्कनीत गेलो आणि दार ओढून घेतलं. खाली रस्ता मोकळा पडला होता.

थोड्या वेळाने आतून रडणं ऐकू आलं. पुरुषाचं. लाजलज्जा सोडून, हमसून हमसून.

मी काचेतून आत पाहिलं.

बायको धावत आली होती. खुर्चीची पाठ माझ्याकडे. तिच्यापलीकडे, गुडघ्यांवर बसलेल्या बायकोचा नुसता चेहरा दिसत होता. इतका उजळलेला चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता.

"बोललास रे एकदाचा," ती म्हणाली.

मी काचेवर थाप मारली.

तिने मान वर केली. माझ्या तोंडावर न थांबता तिची नजर आरपार बाहेरच्या आभाळाकडे गेली.

"वारा सुटलाय," ती खुर्चीला म्हणाली. मग उठून आली आणि आतून कडी लावली.