सोयरिकीचा खर्रा

सिंदेवाहीच्या एस.टी.त पुढच्या सीटवरचा माणूस खिडकीबाहेर थुंकला, आणि वारा उलटा असल्यामुळे लाल शिंतोडे थेट रीताच्या ओढणीवर आले.

"डोळे हायेत का बटना?" ती कडाडली.

तो वळला. सावळा, मासळीची जाळी ओढून ओढून दंड भरलेले, आणि तोंड इतकं पडलेलं की रीतानं पुढचं वाक्य सोडून दिलं. तिनं ओढणी नीट पाहिली. खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची पिचकारी तिनं जन्मभर पाहिली होती. ही तशी नव्हती.

"हे तं रक्त हाये... हिरडीचं. कधीपासून येऊन राह्यलं?"

"तुमाले कसं समजलं?"

समजणारच. रीता तालुक्याच्या दवाखान्यात दातांच्या खोलीत मदतनीस होती. परक्या माणसाच्या तोंडात डोकावणं हा तिचा रोजचा धंदाच.

"उद्या दवाखान्यात या. दातांच्या डॉक्टर माधवी मॅडम हायेत. अना ओढणी मी फुकट सोडली असं समजू नका," ती म्हणाली. तो हसला, पण तोंडावर हात धरून.

दुसऱ्या दिवशी तो, देवानंद, खरंच आला. डावी हिरडी सुजून जांभळी झालेली, पुढचा एक दात हलत होता. मुखारी करताना, दात घासताना रक्त येतं म्हणून या शहाण्यानं वर्षभर त्या बाजूला ब्रशच लावला नव्हता. वर ठणका लागला की तिथंच खर्रा दाबून ठेवायचा, जागा बधिर व्हावी म्हणून! आमच्याकडे निम्मा जिल्हा हेच औषध करतो आणि पन्नाशीच्या आत बोळका होतो.

"साफ केलं तं दात अजून हलतीन म्हनते लोकं," तो खुर्चीत अंग चोरून म्हणाला.

"दात साफ केल्यानं हलत नाहीत," माधवी मॅडम म्हणाल्या. "हे दगडासारखं कीट बसलंय ना, त्यानं हिरडी दात सोडतेय. चार खेपांत काढू. गेलेलं हाड परत येत नाही, पण दात वाचेल. फक्त ब्रश रोज, आणि खर्रा कायमचा बंद."

ब्रश शिकवायचं काम रीताकडे होतं. तिनं त्याच्या हातात आरसा दिला.

"मऊ ब्रश घ्या. हिरडीकडे तिरपा धरा. रगडायचं नाई, हळू हळू फिरवायचं. रक्त आलं तरी थांबायचं नाई. पंधरा दिवसांत कमी होते."

"अना नाई झालं तं?"

"तं मले सांगा."

"रोज सांगतलं तं चालते?"

रीता उगाचच हत्यारांचा ट्रे नीट लावायला लागली. "खर्रा एक बी नाई. ज्या दिवशी खाल, त्या दिवशी मले तोंड दाखवू नका."

"म्हंजे एरवी दाखवायचं ना?"

कान गरम झाल्याचं तिला स्वतःलाच कळलं.

खर्र्याविना पहिला आठवडा त्याचं डोकं ठणकत राहिलं, चिडचिड इतकी की तलावावरचे सोबती त्याला नावेत घेईनात. पण रोज सकाळी तिचा फोन वाजायचा. "आज नाई खाल्लो." एवढंच. महिन्याभरानं रक्त थांबलं, हिरडी गुलाबी दिसायला लागली. आणि एका सकाळी तो म्हणाला, "आज नाई खाल्लो. अना... तुही आठोन आली."

"हे तपासनीत येत नाई."

"तं कायच्यात येते?"

 तिनं फोन ठेवला नाही.

इथवर सगळं गोड. अडचण होती इस्तारीची, म्हणजे रीताच्या बापाची. पोरीला नोकरीला पाठवताना त्यानं बजावलं होतं, "दवाखान्यातून लफडं आनलं, तं दुसऱ्या दिवशी नोकरी बंद." म्हणून देवानंदच्या मावशीनं, नीलाबाईनं, स्थळ असं आणलं की जणू दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंच नाही.

पण या घरची एक रीत होती. सोयरिकीच्या बैठकीत इस्तारी स्वतः खर्रा घोटायचा आणि आपल्या हातानं पोराला द्यायचा. पोरानं तोंडात टाकला की सोयरीक पक्की. मोठ्या दोन्ही जावयांनी टाकला होता.

बैठकीच्या सकाळी रीतानंच फोन केला. "एक डाव खाऊन घे. अर्ध्या घंट्यानं थुकून टाक. मी काही म्हननार नाई."

"तूच म्हनली होतीस, एक बी नाई."

"देवा, बाबा उठून जातीन रे!"

त्यानं फोन ठेवला.

आता ती दाराआड उभी होती, आणि ओसरीवर बापाच्या हातात खर्र्याची प्लास्टिकची पन्नी चुरचुरत होती. चुना, तंबाखू, सुपारी... तो वास आत आला. एकदा चव लागली की सुटणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि नाही घेतला तर देवानंद गेला.

"घे, पाव्हना."

देवानंदनं दोन्ही हात पुढं करून खर्रा घेतला. कपाळाला लावला. आणि पन्नीसकट चटईवर ठेवला.

"मामाजी, तुमचा मान म्हनून हातात घेतलो. तोंडात नाई टाकत. शब्द देलो हाये."

"कोनाले?"

देवानंदनं नजर चटईवर रोवली. नीलाबाईचा चेहरा पांढरा पडला. नाव घेतलं तर रीताची नोकरी जाणार, हे त्याला माहीत होतं.

"कोनाले म्हंतो मी!" इस्तारी उठला. त्याच्या पाठोपाठ देवानंदही उभा राहिला, मान खाली घालून. "माह्या घरी येऊन माह्या हातचं टाकते, अना सांगत बी नाई? चाल, नीलाबाई. उठा सगळे."

 रीता दार ढकलून ओसरीवर आली.

"मले देला, बाबा. दवाखान्यात. त्याची हिरडी सडून राह्यली होती. साडेचार महिने झाले, यानं एक खर्रा नाई खाल्ला. आज तं मीच म्हनली, खाऊन घे... मी भेली. हा नाई भेला." ती बापासमोर येऊन उभी राहिली. "नोकरी बंद करायची तं करा. पन मले हाच पायजे."

 इस्तारीनं पोरीकडे पाहिलं, मग देवानंदकडे.

"साडेचार महिने?"

"हो, मामाजी."

"एक बी नाई?"

आतून देवकाबाईचा आवाज आला. रीताची माय दिवसभर चुलीपाशीच होती, पण कान ओसरीवर होते. "बावीस वर्सांपासून मले म्हनून राह्यले, उद्या सोडतो. चार दात गेले तुमचे. या पोराचा उद्या आला, तुमचा नाई आला!"

इस्तारीनं खाली वाकून पन्नी उचलली. खिशात टाकायला गेला, थांबला, आणि अंगणाच्या कडेला शेणाच्या खड्ड्यात फेकून आला. मग परत येऊन चटईवर बसला आणि थोडा बाजूला सरकला.

"बस," तो देवानंदला म्हणाला. "उभा काऊन हायेस?"